परिषदेसाठी कापडी पोस्टर छापून घेतलं, ते घ्यावं का?

आधी निकाल सांगते, घ्या. फक्त फाइल चार दिवस आधी द्या, अक्षरं दुकानदार म्हणतो त्याहून मोठी ठेवा आणि बोर्ड उभा आहे की आडवा हे आयोजकांना फोन करून विचारा, मेलवर विसंबू नका. ज्यांना घाई आहे त्यांचं काम इथेच झालं. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, कारण मी मास्तरीण आहे, मला थोडक्यात सांगता येत नाही.

गोव्यातल्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते, त्यातला गुन्हेगारीशास्त्राचा पेपर माझ्याकडे आहे. दरवर्षी दोन-तीन पोरांना घेऊन कुठल्या ना कुठल्या परिषदेला जाते. गुन्हेगारीशास्त्र म्हटलं की शेजारणींना वाटतं मी पोरांना डिटेक्टिव्ह बनवते, प्रत्यक्षात आमची पोरं बसस्टँडवर नाहीतर कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी राहून लोकांशी बोलतात आणि मग ते सगळं एका पोस्टरवर कसं मावणार म्हणून माझ्यासमोर येऊन रडतात.

आतापर्यंत आम्ही फ्लेक्सवाले. म्हणजे नाक्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जो बॅनर लावतात ना तेच, फक्त त्यावर साहेबांच्या फोटोऐवजी बार चार्ट. ते गुंडाळून नळीत घालायचं आणि ती नळी सांभाळत प्रवास करायचा. एकदा कदंबाच्या बसमध्ये वरच्या रॅकवरून ती नळी सुटली ती थेट पुढच्या सीटवरच्या आजोबांच्या टकलावर, पुढे फोंड्यापर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. आणि पायलटच्या, म्हणजे आमच्याकडच्या मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसून नळी नेऊन बघा एकदा, भाला घेऊन लढाईला निघाल्यासारखं वाटतं. एवढं करून हॉलवर पोचलं की ते फ्लेक्स गुंडाळीच सोडत नाही, वरून चिकटवलं की खालून वळतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात सेलोटेप कशालाच धरत नाही, भिंतीलाच घाम आलेला असतो.

मग एवढा खटाटोप करून पोस्टर कशाला, सरळ निबंध वाचावा असं कोणी म्हणेल. तर ऐका. निबंध वाचायला पत्रिकेवर दहा मिनिटं छापलेली असतात, हातात येतात सहा, कारण समई, हारतुरे आणि पाहुण्यांच्या ओळखी यांत सकाळचा तास गेलेला असतो आणि तो तास नेहमी वाचणाऱ्यांच्याच वाट्यातून वजा होतो. त्यात एकाच वेळी चार हॉलमध्ये चार सत्रं. यंदा माझा निबंध होता पोर्तुगीजांची १८८६ ची दंडसंहिता जाऊन गोव्यात भारतीय दंडसंहिता आली त्या बदलाविषयी, समोर नऊ माणसं, त्यातली सहा म्हणजे पुढचे वक्ते, आपला नंबर कधी येतो एवढंच बघत बसलेले. अध्यक्षांनी घंटी वाजवली तेव्हा मी १९६१ पर्यंतही पोचले नव्हते. मुक्ती राहूनच गेली.

पोस्टरचं बरं असतं, माणूस आपल्या पायाने येतो, आवडलं तर थांबतो, अडलं तर विचारतो, आणि पोरांना स्टेजवर चढायचं नसल्यामुळे ती धडाधड बोलतात. माझं मत विचाराल तर बीएच्या, एमएच्या पोरांसाठी पोस्टरच.

आता दुकान. पणजीत मार्केटच्या बाजूच्या एका गल्लीत आहे, शिक्के, लग्नपत्रिका, जत्रेचे बॅनर, नंबरप्लेट असं सगळं करतात. नाव लिहीत नाही कारण माझ्या दोन तक्रारी आहेत आणि मला तिथे परत जायचंय. फ्लेक्स अडीचशे, कापडी अकराशे. दर ऐकून माझ्या विद्यार्थिनीचा चेहरा पडला (काणकोणहून येते, तिला आपण काणकोणचीच म्हणू), अर्धे मी घातले. साइज ए-झिरो, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, साधारण आपल्या जेवणाच्या छोट्या टेबलाएवढं.

कापड म्हणजे सुती नाही हां, पॉलिएस्टर. दुकानाच्या मालकांनी मागे नेऊन मशीन दाखवलं. आधी कागदावर उलटं छापतात, मग तो कागद कापडावर ठेवून दोनशे डिग्रीच्या आसपास तापलेल्या रोलरखालून काढतात, तिथे शाईची वाफ होऊन ती थेट धाग्यात शिरते. वर थर बसत नाही म्हणून घडी घातली तरी रंग तडकत नाही आणि पाणी लागलं तरी उतरत नाही. ही शाई सुतावर धरत नाही, त्यामुळे ‘आमचं खादीवर छापा’ म्हणणाऱ्या आमच्या एका सरांचा बेत जागच्या जागी संपला.

पहिली तक्रार मराठीची. पोस्टर आम्ही मराठीत केलं होतं, बाजूला इंग्रजीत चार ओळींचा सारांश, कारण ज्यांच्याशी बोलून माहिती गोळा केली त्यांना वाचता यायला नको का. (कोंकणीत का नाही, हेही विचारून झालं, गोव्यात ते विचारल्याशिवाय कोणी राहत नाही. पुढच्या वेळी बघू.) तर पॉवरपॉइंटची फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि ‘कच्चे कैदी’चं ‘कच् चे कैदी’, ‘गुन्ह्याच्या’चं ‘गुन् ह् याच् या’, वेलांट्या आपापल्या अक्षरांना सोडून शेजाऱ्यांकडे राहायला गेलेल्या. पीडीएफ करून नेली तर त्यांनी ती कोरलड्रॉमध्ये उघडली, कडा जुळवायच्या म्हणून, परत तेच. शेवटी अख्खं पान दीडशे डीपीआयला चित्र करून दिलं, चित्रातली वेलांटी कुठे पळणार? तुम्हीही मराठी पोस्टर देणार असाल तर पहिल्याच दिवशी चित्र करून द्या, आमचे दोन दिवस यात गेले. दुसरी तक्रार ‘फाल्यां’ची. फाल्यां म्हणजे उद्या, पण त्या दुकानातला उद्या परवा येतो. मंगळवारी मिळणार म्हणालेले पोस्टर गुरुवारी संध्याकाळी मिळालं आणि शुक्रवारी सकाळी परिषद.

पण एक गोष्ट कबूल करते. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलीने कडा जुळवता जुळवता एका तक्त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “मॅडम, हाची बेरीज शंभरावयर वता.” खरंच जात होती. तुरुंगातल्या आपल्या माणसाची मुलाकात, म्हणजे भेट, का चुकली याची कारणं लोकांनी एकाहून जास्त सांगितलेली, कोणाची मजुरी बुडते, कोणाकडे तिकिटाला पैसे नाहीत, कोणाला घरी लहान मूल सांभाळायला माणूस नाही, त्यामुळे टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जाणं बरोबरच होतं, पण तसं खाली कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी तीनदा वाचलेलं, माझ्या लक्षात आलं नाही. एक ओळ टाकली तळाला. त्या मुलीसाठी अर्धा स्टार जास्त.

पोस्टर होतं कच्च्या कैद्यांच्या घरच्यांवर. म्हणजे खटला अजून चालू आहे, शिक्षा झालेली नाही, तरी माणूस आत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंग अहवालात देशातल्या कैद्यांपैकी ७५.८ टक्के असे कच्चे कैदी आहेत, चारातले तीन. हा आकडा सगळ्यांच्या पोस्टरवर असतो. काणकोणचीने वेगळं केलं, तिने बाहेरच्या माणसाचा हिशेब मांडला. २०१५ मध्ये आग्वादचा तुरुंग रिकामा करून कैदी कोलवाळला हलवले, आणि काणकोणहून कोलवाळ म्हणजे काणकोण ते मडगाव, मडगाव ते पणजी, पणजी ते म्हापसा आणि म्हापशाहून पुढे कोलवाळ, राज्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चार बसा, तेवढ्याच परत. तिने ही वाट पोस्टरच्या मधोमध आडवी काढली होती, प्रत्येक स्टँडखाली तिकीट, वेळ आणि तिथे काय खाल्लं ते. ‘म्हापसा: काही नाही’ असं लिहिलेलं एका ठिकाणी. उजव्या वरच्या कोपऱ्यात चौकट होती नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ची, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचं, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नवा कायदा लागू व्हायच्या आधी आत गेलेल्यांनाही हे लागू आहे. घरच्यांना हे माहीतच नसतं, म्हणून ती चौकट.

आता परिषद. आयोजकांचं नाव काढत नाही, बिचाऱ्यांनी जेवण चांगलं दिलं. हॉटेलात होती, जुलैत, ऑफ सीझनला हॉल स्वस्त मिळतात ना. पाऊस असा की छत्री उघडायची आणि बंद करायची यात फरक राहिला नव्हता. काणकोणचीने पोस्टर घडी घालून सॅकमध्ये टाकलेलं, डबा आणि पाण्याच्या बाटलीच्या मध्ये, आणि बाटली गळकी. तिथे पोचून काढलं तर एक कोपरा चिंब, झटकलं, टांगलं, अर्ध्या तासात सुकलं, रंग जिथल्या तिथे. घडीच्या खुणा मात्र दिसतात, गरम इस्त्री उलट्या बाजूने हलकी फिरवली की जातात. माझ्या दुसऱ्या विद्यार्थ्याचं फ्लेक्स होतं, ऑनलाइन फसवणूक झाल्यावर म्हातारी माणसं १९३० या हेल्पलाइनला फोन का करत नाहीत यावर, विषय छान, पण त्याच्या पोस्टरने दोन्ही दिवस गुंडाळी सोडली नाही, मुलगा एका हाताने कोपरा धरून दुसऱ्या हाताने समजावत होता.

आणि बोर्ड! मेलमध्ये फक्त ‘ए-झिरो’ लिहिलेलं, उभं की आडवं काही नाही. आम्ही आडवं छापलं. बोर्ड उभे, तीन फूट रुंदीचे. नागपूरहून आलेल्या एका मुलाने कात्री मागून आपल्या फ्लेक्सच्या कडा कापल्या आणि त्यात त्याच्या गाइडचंच नाव गेलं, तो नंतर चहाला गाइडपासून लांब लांब उभा होता. आम्ही कापड दोन्ही बाजूंनी मागे दुमडून पिना मारल्या. बसलं. फक्त कलम ४७९ बोर्डाच्या मागे गेलं.

खरा घोळ वेळेचा. पोस्टर सत्र दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला. गोव्यात दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला कोण थांबतं हो? आयोजकांनीच दोनला साइटसीइंगची बस ठेवलेली आणि बस कुठे चालली होती, तर आग्वादला. तिथला जुना तुरुंग डिसेंबर २०२१ पासून म्युझियम केलाय, स्वातंत्र्यसैनिकांना ठेवलं होतं तिथे, बघण्यासारखं आहेच, माझी तक्रार नाही. पण तुरुंगावरची सात पोस्टरं हॉलमध्ये लटकवून गुन्हेगारीशास्त्राचे विद्वान तुरुंग बघायला गेले, हे दृश्य मी विसरणार नाही.

वेळापत्रक बघून काणकोणची आदल्या रात्रीपासून गप्प होती. दुसऱ्या दिवशी एक वाजता जेवणाची रांग लागली, इसवण ताजं तळून देत होते त्यामुळे रांग हलेना, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलेली. हिने काय केलं, बोर्डाच्या पिना काढल्या, कापड खांद्यावर टाकलं शालीसारखं, हॉटेलच्या एका पोराकडून सुंभ मागून घेतला आणि व्हरांड्याच्या दोन खांबांमध्ये, रांगेच्या बरोबर समोर, पोस्टर वाळत घातल्यासारखं टांगलं. मला विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी आयोजकांना विचारून ये म्हणाले असते आणि सगळं तिथेच संपलं असतं.

रांगेतला माणूस म्हणजे हातात रिकामी प्लेट, मोबाइल खिशात, जायला जागा नाही, वाचायला काही नाही. सगळ्यांनी वाचलं. ते म्हापशाचं ‘काही नाही’ वाचून दोघी मागे वळून एकमेकींशी बोलायला लागल्या. तुरुंग खात्यातून रिटायर झालेले बाहेरच्या राज्यातले एक गृहस्थ होते, ते नंबर सोडून बाजूला झाले आणि म्हणाले, कैद्यावर होणारा खर्च आम्ही पैशापर्यंत मांडतो, पण भेटायला येणाऱ्याचा खर्च आमच्या कुठल्याच रजिस्टरला नसतो. सोलकढी वाढणारा माणूसही वाचत होता, एकाची वाटी वाहून गेली.

मग चेन्नईच्या एक मॅडम आल्या, पन्नाशीच्या, त्यांना इंग्रजी सारांश वाचून बाकीचं काणकोणचीने सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, तू हे सगळे लोक कुठे भेटलीस? तुरुंगाच्या गेटवर, ही म्हणाली. मग जे गेटपर्यंत पोचूच शकले नाहीत ते तुझ्या आकड्यांत कुठे आहेत? पोरगी दोन मिनिटं काहीच बोलली नाही, आणि मीही नाही, कारण वर्षभर मी तिची गाइड. वर्गात मी घसा फोडून सांगते की पोलिसात नोंद होत नाही तो गुन्हा आकड्यात दिसत नाही, त्याला काळा आकडा म्हणतात, परीक्षेला येतो, लिहा. आणि इथे आमच्याच नोंदवहीत आलेल्यांची नोंद, न आलेल्यांची नाही. मॅडमनी मग पेपर नॅपकिनवरच काढून दाखवलं, तारखेच्या दिवशी कोर्टात उभी राहा, कोलवाळला जाणं परवडत नाही तो माणूस तारखेला मडगावच्या कोर्टात येत असेल, जवळ पडतं, पाच मिनिटं लांबून का होईना दिसतो आतला माणूस. रांगेतले म्हापशाचे एक वकील मध्येच म्हणाले, आता बऱ्याच तारखा व्हिडिओवर होतात, तेवढंही दिसणं राहिलं नाही. झालं, तिघांची प्लेट हातात तशीच, वीस मिनिटं चाललेलं. तो नॅपकिन काणकोणचीने पाउचमध्ये घालून ठेवलाय, एमएचा विषय त्यावरच आहे.

आणि अडीचच्या अधिकृत सत्रात काय? परत बोर्डावर पिना मारून उभी राहिली, परीक्षक आले, मार्कांचा कागद हातात, एकाने सॅम्पल किती विचारलं, दुसरे फाँट आवडला म्हणाले, पुढे गेले. बक्षीस मिळालं नाही. मिळालं फोंड्याहून आलेल्या फॉरेन्सिकच्या मुलांना, आणि बरोबर मिळालं, बोटांच्या ठशांचे इतके स्पष्ट फोटो की रेघ न् रेघ मोजता येत होती. त्या मुलांचा भाव आता वधारलाय, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने जागेवर जायलाच हवं असं नव्या कायद्यात आलंय, राज्यांना पाच वर्षांच्या आत ते लागू करायचंय. त्यांचं पोस्टर फोटो पेपरवर होतं. तसे बारीक फोटो तुमच्याकडे असतील तर कापडाच्या नादी लागू नका, विणीत ती रेघ हरवते.

कापडाच्या बाकीच्या खोडीही सांगून टाकते. काळा रंग पूर्ण काळा येत नाही, जुन्या छत्रीचा असतो तसा येतो. २४ पॉइंटच्या खालचं मराठी अक्षर गेलंच समजा, अनुस्वार तर डास बसल्यासारखा दिसतो. क्यूआर कोड टाकलेला, सपाट बोर्डावर स्कॅन झाला, व्हरांड्यात वाऱ्याने कापड हललं की नाही, शेवटी काणकोणची दोन्ही हातांनी ते ताणून धरायची आणि लोक स्कॅन करायचे. मागून उजेड आला की आरपार दिसतं. वाऱ्यात शिडासारखं फुगतं, म्हणून छापताना वर-खाली काठी घालायला शिवण मारून घ्या, आमच्या दुकानात पन्नास रुपये जादा घेतात, आम्ही वाचवले आणि पस्तावलो, खालच्या कडेला हॉटेलचे चार चमचे पिनांनी लटकवायला लागले.

आणि हो, कोणाच्या तरी प्लेटमधली हुमणाची, म्हणजे माशाच्या कालवणाची, धार उडाली त्यावर. घरी जाऊन थंड पाण्यात साध्या साबणाने धुतलं, तेल गेलं, हळदीचा पिवळा चट्टा अजून आहे, संदर्भांच्या यादीवर. छपाई जशीच्या तशी. त्यानंतर एकदा कॉलेजच्या सेमिनारला वापरलं, आता दिवाळीनंतर काणकोणच्या एका ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये लावायला नेणार आहे म्हणते, तिथे बोर्ड नाही, खिडकीच्या गजांना बांधीन म्हणाली. फ्लेक्स असतं तर एव्हाना कोणाच्या तरी लाकडांच्या ढिगावर पडलेलं असतं.

पाचातले चार स्टार. अर्धा मराठीसाठी कापला, अर्धा फाल्यांसाठी, आणि त्या बेरीजवालीचा अर्धा परत दिला तर साडेचार. सेफ्टी पिना घरून न्या, परिषदेत सगळं मिळतं, पिना मिळत नाहीत.